डाव्या दाराचा ओरखडा

४ मार्च
चोर तो चोर, वर शिरजोर! ताईला आणि तिच्या आठ दिवसांच्या बाळाला दवाखान्यातून घरी आणायला एका दिवसासाठी गाडी भाड्यानं घेतली. दोघांना घरी सोडून बाबा लगेच गाडी परत करून आले. आज गाडीवाल्यांच्या ऑफिसातून फोन — डाव्या दारावर लांब ओरखडा आहे, ‘चालकाची चूक’ म्हणून सही करा, बाकी विमा कंपनी बघेल.

चालक म्हणजे बाबा. एकतीस वर्षं बस चालवली, एवढासा ओरखडा नाही. त्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही मला. सही करतंय माझं खेटर!

५ मार्च
नुसत्या सहीचा प्रश्न नाही. बाबांना पंधरा तारखेपासून शाळेच्या बसवर काम मिळतंय. रिटायर झाल्यापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या चुका काढत असतात बिचारे. शाळेच्या डॉक्टरची तपासणी झाली, आता अट एकच उरलीय — नावावर अपघात नको. म्हणजे सही केली की काम गेलं. गाडीवाल्यांनी तक्रार मागे घेतल्याचं लेखी द्यायलाच हवं.

६ मार्च
फोनवर चाळीस मिनिटं संगीत. मग एक बाई, मग एक बुवा, मग परत तीच बाई — आणि दर वेळी रामायण पहिल्यापासून! साहेब मीटिंगमध्ये. साहेब जेवायला. साहेब नावाचा प्राणी आहे तरी का, कोण जाणे.

‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ अगं बाई, हे वाक्य मीही रोज म्हणते! पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत अकरा वर्षं काढलीत. लोकांना कसं कटवायचं ते मला माहीत आहे. न कटणारी माणसं कशी असतात तेही. डबा घेऊन येतात आणि बाकावर बसून राहतात.

उद्या रजा.

७ मार्च
डबा घेऊन गेले. त्यांच्या सोफ्यावर बसून खाल्ला. काउंटरवरच्या टायवाल्यानं तीनदा पाणी विचारलं, उत्तर एकदाही दिलं नाही.

गाडी देतानाचे फोटो मागितले. नव्हतेच! त्या दिवशी हा किल्ली देऊन मोकळा झाला होता. बाबांनीच गाडीभोवती चक्कर मारली, टायर ठोकून बघितले, आरसे पुसले. डेपोतली सवय. मग म्हटलं, परत घेतल्यावरचे तरी दाखवा. उद्या पाठवतो म्हणाला.

घरी बाबा म्हणाले, “जाऊ दे गं. किती त्रास करून घेशील?” असे साधे आहेत म्हणूनच लोक डोक्यावर बसतात. मी नाही सोडणार.

८ मार्च
फोटो आला. लाल गाडीचा! आमची पांढरी होती.

९ मार्च
साहेब प्रकटले एकदाचे. फोटो त्यांच्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, रांगेतल्या लोकांनाही दाखवू का? मागे चार जण उभे होते. दहा मिनिटांत शिक्क्याचं पत्र हातात — तक्रार मागे, चालकाची काहीही चूक नाही.

तशीच शाळेत जाऊन देऊन आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पंधराला पाठवा त्यांना.

इतका आनंद झालाय मला! बाबा मात्र ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. भरून आलं असेल.

१० मार्च
सकाळी बाबा स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. म्हणाले, “बाळाला सोडून परत जाताना पेट्रोल पंपाच्या खांबाला घासली. मला खांब दिसलाच नाही. डाव्या डोळ्यानं वर्षभर दिसत नाहीये.”

शाळेच्या डॉक्टरनं डोळे तपासले होते की, मी म्हटलं.

“तो अक्षरांचा तक्ता आम्हा ड्रायव्हरांना पाठ असतो गं.”

पत्र परत मागायला शाळेत निघालेय. बाबा म्हणाले थांब, मीही येतो.