आईचं रिद्धपूर आणि आमची ओली गाडी

२ सप्टेंबर २०१८

पातूर रोडवर आज परत थांबली. मागे झेंडूच्या गोण्या, पुढे मी आणि प्र. (नवऱ्याचं नाव घेत नाही मी. वहीत प्र. लिहिते, भागतं.) इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही, वर जळका वास. मळ्यातून अकोल्याच्या फूलबाजारात पोचेपर्यंत उजाडून बराच वेळ झाला होता, भाव बसलेला. प्र. गाडीला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती बिचारी ऐकून घेते. मी घेतलं नसतं.

४ सप्टेंबर

रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये. मूळचे बाळापूरचे, तोंड सतत चालू. "क्लच जल गया, ताई. भाऊ पाय क्लचवर ठेवूनच गाडी चालवतेत का?"

प्र. म्हणाले, "मंग काय डोक्यावर ठेवू?"

प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून साडेनऊ हजार. येताना प्र. डावा पाय मुद्दाम मांडी घातल्यासारखा आत ओढून बसले होते. मी हसले तर आणखी आत ओढला.

९ सप्टेंबर, पोळा

बैलांच्या हारांना यंदा गिऱ्हाईक कमी. कपाशीचं बोंडअळीनं वाटोळं केलं, माणसं फुलं कशाला घेतील. उरलेला झेंडू परत आणला. बियाण्यासाठी वाळवलेल्या फुलांचं एक पोतं मागच्या सीटवर फुटलं, सगळीकडे सांडासांड. हातानं जमेल तेवढं गोळा केलं.

आता पुढच्या चाकाकडून खडखड. रशीदभाई म्हणतात लिंक रॉड आणि बुश, या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. दोन हजार दोनशे.

टेम्पो विकून ही घेतली त्याला दीड वर्ष झालं. फुलंही नेता येतील आणि माणसंही, असा हिशेब. छोटी एसयूव्ही, उंच, हळदीच्या रंगाची. अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी जपून वापरलेली. आमच्याकडे येऊन तिचे हाल झाले. पण मला ती आवडते. मी चाळिशी उलटल्यावर हिच्यावर गाडी शिकले, कसं आवडणार नाही.

१६ सप्टेंबर

रिद्धपूर, अमरावतीच्या पुढे. आईकडे एकटीच गेले, गाडी घेऊन, वाटेत काही झालं नाही.

आईनं चहात मीठ घातलं. मी प्यायले अर्धा. मग तिनं स्वतःचा घोट घेतला आणि म्हणाली, "कावून बोलली नाही व?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दोन खोल्यांत एकटी, शेजारीण येते म्हणून चाललंय. अमरावतीच्या डॉक्टरांनी २७ तारीख दिली.

ऑपरेशन झाल्यावर अकोल्याला चल म्हटलं तर नाही. नाहीच. आयुष्य गेलं इथे, रोज मंदिरात दंडवत घातल्याशिवाय घास उतरत नाही. शेवटी प्र.ना फोन लावून दिला. ते काय बोलले कोण जाणे. आई मला म्हणाली, "जावईबापू म्हनते मयन्यातून एक डाव रिद्धपूरले आनून सोडन. मंग येईन मी. पन शब्द मोडला त मले यष्टीत बसवून देजो, मी राहीन माह्या घरी."

दोन एसट्या बदलून तिला बसवणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत आहे.

२७ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. उजवा डोळा. देवा.

आई आत होती तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. वॉचमन धावत आला, एक नर्सबाई खिडकीतून ओरडल्या. प्र.नी बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढली तेव्हा शांत झालं. आईला बाहेर आणलं, एका डोळ्याला पट्टी, म्हणते, "आपलीच गाडी बोंबलून रायली होती ना? मी आतून वयखली."

डॉक्टरसुद्धा हसले.

१ ऑक्टोबर

बॅटरी नवी. पाच हजार दोनशे. रशीदभाई छातीठोक, "अब घोडे के माफिक दौडेगी."

३ ऑक्टोबर

घोडा दारातच. चावी फिरवली की टकटक आवाज, बस. काच आपणहून खाली गेली, वर येईना. चारही दरवाजे एकसारखे लॉक, अनलॉक, लॉक. शेजारच्यांना वाटलं मी खेळते आहे.

रशीदभाई डोकं खाजवून म्हणाले, "मेरे से गलती हुई ताई, बॅटरी नव्हती." म्हणजे बॅटरी उगाच घेतली. निदान कबूल केलं माणसानं. चहा पाजला त्यांना.

आईचे थेंब दिवसातून चार वेळा. ती आमच्याकडे रुळते आहे. सकाळी आमच्या फुलांच्या दुकानात बसून हार ओवते, अंदाजाने, आणि ओवते चांगले. संध्याकाळी मात्र उंबऱ्यात बसून राहते. विचारलं तर म्हणते काही नाही.

७ ऑक्टोबर

मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेली, टो करून. एसीत बसवलं, कॉफी दिली, मग आकडा सांगितला. वायरिंगचा अख्खा संच आणि सीटखालचं कुठलंसं युनिट, बेचाळीस हजार. कॉफी परत करावीशी वाटली.

घरी प्र. जेवताना म्हणाले, "इकून टाकू."

आई पलीकडच्या खोलीत होती. तिच्या कानावर गेलं नसावं.

मी रागावले. मग विचार केला तर त्यांचंही चुकत नाही. महिनाभर ही गाडी पैसे खात सुटली आहे. पण विकली तर रिद्धपूर कसं? "भाड्यानं करू एखादी," म्हणाले. दर महिन्याला? भाड्याच्या गाडीची गोष्ट पहिल्या महिन्यात होते, दुसऱ्यात पुढे ढकलतात, तिसऱ्यात कोणी विषय काढत नाही. आणि आई शब्दाची पक्की. एकदा चुकलं की ती पिशवी उचलेल.

९ ऑक्टोबर

सापडलं!!

आईच्या थेंबांची बाटली मागच्या सीटखाली घरंगळली. हात घातला तर गालिचा चिंब. दाराच्या कडेला, जिथे फटीतून उजेड येतो, तिथे झेंडू उगवलेला. खरंच. सात-आठ रोपं, पांढुरकी, वाकडी, पण जिवंत. पोळ्याला सांडलेलं बियाणं!

प्र.ना हाक मारली. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मळ्यात उगवाले नखरे करते."

आमच्या घरात फुलं अशीच नेतात, सासऱ्यांच्या बैलबंडीपासून. खाली ओलं गोणपाट, वर ओलं गोणपाट, वाटेत दोनदा पाण्याचा हबका. बंडीच्या, टेम्पोच्या फळ्यांतून पाणी खाली गळून जायचं. या गाडीला खाली गळायला जागाच नाही. दीड वर्ष आम्ही तिच्या पोटात पाणी ओततो आहोत आणि वायरी सगळ्या तिथूनच जातात. डॉक्टरीणबाईंना कळलं तर काय म्हणतील.

रोपं फेकवेनात. आईनं ताकाच्या जुन्या डब्यात लावली.

१२ ऑक्टोबर

रशीदभाईंनी सीटा, गालिचा सगळं बाहेर काढलं. गालिचा आमच्या गच्चीवर वाळतोय, अख्ख्या गल्लीला आंबूस वास. गंजलेले जोड कापले, नवे लावले, काही वायरी बदलल्या. साडेसात हजार. "चलेगी. पण गॅरंटी मत मांगो, ताई. पानी बडी बुरी चीज है, छे मयन्यानंही बोलू शकते."

टकटक गेली. काच वर येते. मी चौकापर्यंत उगाच फिरवून आणली.

१८ ऑक्टोबर, दसरा

झेंडू भाड्याच्या टेम्पोतून आला. आमच्या गाडीत यापुढे ओलं काही नाही, फार तर प्लास्टिक अंथरून.

तिला हार घातला, नारळ फोडला. आई महानुभाव पंथाची, ती असल्या पूजेत येत नाही, बाजूला खुर्चीवर बसून होती. सगळं झाल्यावर उठली आणि बॉनेटवरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. प्र.नी पाहिलं. मीही पाहिलं.

रात्री मी म्हटलं, आता चालते आहे, राहू द्या. ते म्हणाले, "चालते हाय तवाच इकते, नलू. बंद पडल्यावर भंगारवाला येते." यंदा मळ्यात पाणी कमी, शेवंतीचं काय होईल माहीत नाही. ते काळजीनं बोलतात, कंजूषपणानं नाही. तरी मी कूस बदलून झोपले.

२३ ऑक्टोबर

गाडीला अमरावतीचं एक गिऱ्हाईक मिळालं. पाइपचं दुकान आहे त्याचं. शनिवारी बघायला येणार.

आई दिवस मोजते आहे. २८ ला महिना होतो. आज दोन वेळा विचारलं, "तिकडली थंडी सुरू झाली असन ना?" म्हणजे शाल काढून ठेव.

२७ ऑक्टोबर

गिऱ्हाईक आलं. चांगला माणूस निघाला, तीच पंचाईत. वाईट असता तर मी भांडले असते.

तो आला तेव्हा आई पुढच्या सीटवर जाऊन बसलेली. काळा चष्मा, मांडीवर पिशवी. "घरात गरम होऊन रायलं," म्हणाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण ती काही लहान नाही. उतर म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मग गिऱ्हाईकानं तिच्यासकटच चक्कर मारली. मी आणि प्र. दारात उभे, एकमेकांकडे न बघता.

परत आल्यावर तो हसत होता. "आजीनं सांगतलं, गड्ड्यात हळू घे बापू, तिचं पोट ओलं होतं, आता कुठं बरं वाटून रायलं तिले."

मग प्र.नी त्याला सगळं सांगितलं. क्लच, लिंक रॉड, फुकट गेलेली बॅटरी, गालिच्याखालचं पाणी, उगवलेला झेंडू, गॅरंटी नाही, सहा महिन्यांनीही परत बंद पडू शकते. एकेक आकड्यासकट. मला वाटलं, हे त्याला पळवून लावताहेत. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "इतकं खरं सांगनारा मानूस पयल्यांदा भेटला. घरी इचारून सांगतो."

संध्याकाळी त्याचा फोन. प्र. अंगणात गेले बोलायला. मी भाजी निवडत होते, शब्द स्पष्ट आले. "हो. हो, पक्कं. उद्या सकाळी या."

आत आले. आई खाटेवर शाल घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "जावईबापू, उद्या रिद्धपूर ना?"

"हो, आई. सकाळीच निघू."

मी बघत राहिले त्यांच्याकडे. एकाच सकाळी दोघांना हो. ते पाणी प्यायले आणि टीव्ही लावला.

२८ ऑक्टोबर

पहाटेच जाग आली. आई अंघोळ करून, वेणी घालून तयार. डोळ्यात थेंब घातले. तिनं विचारलं, "डबा घेतला का व?" मी दशम्या बांधल्या, तिघांच्या.

अमरावतीवाला किती वाजता येणार, मी विचारलं नाही. प्र. रात्रभर जागे होते हे मला माहीत आहे, कारण मीही होते.

बाहेर पाण्याचा आवाज येतो आहे. प्र. गाडी धुऊन राहिले आहेत, बाहेरून, बादलीनं, दारं घट्ट लावून. गावाला न्यायची गाडी धुतात. विकायचीही धुतात.