राखाडी भिंत

आप्पा, आपल्या फोटोच्या दुकानात नवा मॉनिटर घेतलाय. जुना पार मंद झाला होता. त्याच्यावर चेहरे काळवंडलेले दिसायचे, मी उजेड वाढवत जायची, आणि कागदावर माणूस पिठात लोळवल्यासारखा निघायचा. गोरं दिसलं की लोक खूश, एकानंही तक्रार केली नाही. केली ती आईनं. तुमाला जाऊन चौदा वर्षं झाली, हाराचा फोटो ओलीनं खराब झाला म्हणून औंदा मी नवा करून लावला. हार घालता घालता ती थांबली. "ह्यो कोणचा पाव्हणा टांगलाय गं? तुझा बाप असा कधी होता?" मी म्हणाले, पडद्याचा दोष हाय. आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण्याहून परभणी गाठली.

दुकानदारानं मोठा, वाकडा, चकचकीत पडदा पुढं केला. "मावशी, रंग कसे उसळायलेत बघा!"

"उसळू नका म्हणावं त्यांना. मला सिनेमा बघायचा न्हाई, फोटो दुरुस्त करायचेत."

पिशवीत मी माझा स्थळाचा फोटो नेला होता, तुमी छापलेला. तोच स्कॅन करून पेनड्राइव्हमधून एकेका पडद्यावर लावायचा आणि शेजारी कागद धरायचा. ह्या फोटोवरून किती भांडले होते मी! लोकांच्या पोरी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून उजळता, घरचीच तेवढी काळी ठेवता? चौथी शिकलेली, त्यात सावळी, मला कोण करून घेईल? फोटो पारखायला तुमी दिव्यावर विश्वास न ठेवणारे. फोटो उंबऱ्यावर नेऊन सावलीत धरला आणि म्हणालात, "ही माझी पोरगी हाय. ज्याला ही नको, त्याला फोटो तरी कशाला दाखवायचा?" मला वाटलं, बाप नाही, वैरी हाय. त्या दिवशी परभणीत एकाच पडद्यावरची पोरगी हातातल्या कागदावरच्या पोरीसारखी दिसली. बिनचमकेचा, साधासाच होता. तोच उचलला.

जोडायला माणूस आला, त्यानं पडद्याचा उजेड कागदाला जुळेल इतका उतरवला आणि मागं वळून कपाळाला हात लावला. "बाई, ही गुलाबी भिंत! हिचा रंग काचेवर पडायलाय. राखाडी मारा." तुमची भिंत राखाडीच होती. मसणवटीसारखी दिसते म्हणून मी लय बोलायची, आणि तुमी गेलात त्याच महिन्यात ती मी गुलाबी करून टाकली. आता स्वतःच डबा आणला, स्वतःच ब्रश फिरवला. हात फिरत होता आणि वाटत होतं, मागून म्हणाल, "कोपरा राहिला बघ."

मग तुमचा मूळ फोटो उघडला, कुठंच हात न लावलेला. तसाच छापला आणि उंबऱ्यावर सावलीत धरला. आई आतून आली. बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला, तुमी बाहेरून आल्यावर करायची तसा.

तोच फोटो आता भिंतीवर हाय. एक मात्र तुमालाच सांगते. पडदा मंद होता हे खरं, पण तुमचा चेहरा जास्त उजळतेय हे मला कळत होतं. सगळ्यांचे करते, माझाच बाप काळा का ठेवू, असं वाटलं. आईला मी अजून पडद्याचाच दोष सांगते.