जयराजच्या फोटोची काच

उंबरवाडी,
१५ जून २०२५

चि. दीपमाला हिस आण्णांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू भिंतीच्या भेगेवर काच चिकटवून गेलीस त्याला आज आठवडा झाला. काच शाबूत आहे. रोज सकाळी सहाला मी तपासणी करतो, वहीत नोंद करतो आणि खाली सही ठोकतो. फौजेतून सुटून वीस वर्षं झाली तरी सुभेदारकी काही जात नाही, असं तुझी आई म्हणते. म्हणू दे.

वाडीतली बाकीची सहा घरंही आमच्या काचेवर भिस्त ठेवून आहेत. मानसिंग दूध घेऊन खाली जाताना आमच्या दारात थांबतो आणि काच काय म्हणते ते विचारून जातो. शाबूत म्हटलं की गडी खूश. आईनं मात्र काल माझ्या वडिलांच्या फोटोची काच काढून टाकली, आत बुरशी धरते म्हणे. म्हातारा भिंतीवर उघडाच बसलाय.

इथं रेंज नाही, म्हणून भाऊसोच्या दुधाच्या गाडीनं हे पत्र धाडतोय. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझाच,
आण्णा

मलकापूर,
२४ जून २०२५

तीर्थरूप आण्णांच्या पायांशी दीपमालाचा नमस्कार.

तुमच्या वहीचं ऐकून आमच्या संस्थेत सगळे हसले, आणि अशी वही प्रत्येक वाडीत हवी असंही म्हणाले. पण आण्णा, हसण्यावारी नेऊ नका. काच तडकली म्हणजे भिंतीखालची जमीन सरकतेय, मग त्याच दिवशी सातही घरं खाली शाळेत आणायची. सरकार खाली बांधून देतंय त्या नव्या घरांची वाट बघत बसायचं नाही. त्यांच्यावर पत्रा चढलाय, पण वीज नाही, पाणी नाही. आणखी दोन महिने लागतील म्हणतात. एप्रिलमध्येही दोनच महिने म्हणत होते.

आणखी एक. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं, तर समजायचं की वर माती खचून अडलीय. मग काच बघायलाही थांबायचं नाही. चार वर्षांपूर्वी खालची आळी गाडली गेली त्या सकाळी असंच झालं होतं. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर जयराजदादा म्हैस सोडायला परत गेला नसता. मला हे लिहिताना अजून रडू येतं, पण लिहिते.

आईला सांगा, आजोबांना थंडी वाजेल, काच परत लावा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
दीपा

उंबरवाडी,
८ जुलै २०२५

चि. दीपमालास आण्णांचे आशीर्वाद.

दहा दिवस झाले, पावसानं उघडीप दिलेली नाही. काच मात्र शाबूत. तू बसवलीस त्याहून स्वच्छ दिसते, आई पुसत असणार. मागचं दार अडकतंय, खांद्यानं रेटावं लागतं. लाकूड फुगलं असेल. परड्यातल्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय, तेही पावसाचंच.

मानसिंग आणि बाकीचे सामान बांधायला लागले होते. मी वही दाखवली, तशी गाठोडी सोडली. इतक्या लोकांना उगाच शाळेच्या फरशीवर कशाला लोळवायचं?

तुझ्या आईचं बुरशीचं खूळ वाढलंय. परवा माझ्या पलटणीच्या फोटोचीही काच काढली. आता भिंतीवर काचेचा फोटो म्हणजे जयराजचा एकटा. त्याला हात लावायचा नाही असं मी बजावलंय, तर ती रडायलाच लागली. बायकांचं मला काही कळत नाही बघ.

खुशाली कळवत जा.

आण्णा

मलकापूर,
१२ जुलै २०२५

प्रिय आईला दीपाचा नमस्कार.

हे पत्र तुला एकटीला आहे. आई, फोटोच्या काचा कुठं गेल्या? मी भेगेवर लावलेली काचही तसल्याच लहान फोटोचौकटीतली होती, आणि उरलेलं सिमेंट डब्यात घालून मी तुझ्याच हातात दिलं होतं. दरड पडलेल्या वाड्यांतून मी चार वर्षं फिरतेय. दार अडकलंय, झरा गढूळलाय आणि काच शाबूत, असं मी कुठंच पाहिलं नाही.

मी रागावणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ. पण खरं काय ते याच गाडीनं कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझीच,
दीपा

उंबरवाडी,
१५ जुलै

लाडक्या दीपाला आईचं लय लय मुकं.

व्हय बाई, मीच. तू गेलीस त्या आठवड्यात भिंत सारवत हुते. काच तडकलेली दिसली, मला वाटलं माझाच हात लागला. तू एवढी धडपडून लावलीस, ह्यांनी त्याची वही घातली, आन् मी आवदसेनं फोडली. ह्यांच्या तपासणीआदी सासऱ्यांच्या फोटोची काच काढली, तुझ्या डब्यातल्या सिमेंटानं बसवली. ती फुटली तवाबी सारवणाचंच निमित्त वाटलं. मग पलटणीची लावली. त्या भिंतीला मी बोटबी लावलं न्हाई गं. तरी फुटली.

तवा कळलं. पर बोलले न्हाई. आपला जयराज घावलाच न्हाई. आमी घर सोडलं आन् त्यो आला, तर कुठं जाईल? येड्यावानी वाटंल तुला, पर मला रोज असंच वाटतं.

काल त्याच्या फोटोची काच लावली. आज सकाळी तीबी मधनं उभी चिरलीय. हे अजून उठलं न्हाईत. आता काय करू सांग. न्हाई, नको सांगू. मीच सांगते त्यांना.

तुझी आई,
बनुबाई

खालची शाळा,
१८ जुलै २०२५

चि. दीपमाला,

तिनं सांगितलं. मी वही उघडून बघत बसलो. सदतीस दिवस शाबूत, सदतीस सह्या. तिला कुठल्या तोंडानं बोलणार? काचेकडं बघणारा मी, आणि दार, झरा माझ्या डोळ्यांसमोरच होते की.

परवाच आम्ही दोघं म्हैस घेऊन खाली आलो. तिनं जयराजचा फोटो छातीशी धरून आणला. काल मी वैरण आणायला वर गेलो. जिथं काच होती तिथून आता परड्यातलं शेवग्याचं झाड दिसतं.

पण ती सहा घरं हलेनात. वही मानसिंगकडं आहे, तो माझीच सही मला दाखवतो. म्हणतो, नव्या घराचा पहिला नंबर लागावा म्हणून सुभेदारानं हूल उठवलीय. काचेचं खरं सांगितलं, तर बायकोवर ढकलतोस म्हणून हसले. मी सदतीस दिवस जे सांगितलं, ते सगळं खरं मानलं बघ त्यांनी.

आत्ता भाऊसो आला. बाहेर पाऊस कोसळतोय, पुढचं दिसत नाही. तो म्हणतो, ओढ्यातले दगड उघडे पडलेत, गाडी कोरड्या वाटेवरून यावी तशी पार झाली.

तुझ्या आईनं माझा सदरा धरलाय, जयराजही असाच परत गेला होता म्हणते. तिला मी काय सांगू? गाठोडी मी सोडायला लावली होती, बांधायलाही मीच गेलं पाहिजे. रेंज असेल तिथून कचेरीला कळव. भाऊसोला थांबवत नाही.

आईला जप. मी वर निघालो.

आण्णा