वीजराव भ्याला नव्हता

अवं, ऐकायलेत का,

पत्राची सुरुवात 'प्रिय' म्हणून करावी असं शाळेत शिकवलं होतं. पर जितेपणी तुमाला कव्हा प्रिय म्हणलं न्हाई, आता म्हणलं तर वर बसून हसाल. राहू द्या. मी लय चिडलेय, म्हणून लिहायलेय. तुमाला जाऊन दोन महिने झाले, तरी भांडायला मला तुमीच लागता!

काल पाटील आले होते. यात्रेची कमिटी अजून त्यांच्याच मुठीत हाय. ओट्यावर बसले, चहा पिले आणि म्हणले, "वहिनी, औंदा भाऊंच्या आठवणीला यात्रेत वीजरावचा पयला भाग लावू. काय भारी होता! दुसऱ्या भागाचं नाव नको. त्यो भाऊंना जमलाच न्हाई."

जमला न्हाई! मधले तीन प्रसंग या पाटलांनीच काढून टाकायला लावले, आणि आता मलाच सांगायलेत! त्यांच्या पोटातला चहा परत मागावा वाटला मला.

आठवतं का, वीजराव कव्हा सुचला? येलदरीचं धरण बघायला गेलो होतो. बाकीचे पाणी बघायले, मासे बघायले, आणि तुमी वीजघराकडं तोंड वासून उभे. सोनपेठच्या दुकानांचे बोर्ड रंगवणारा माणूस, पर त्या दिवशी घरी आल्या आल्या कॅलेंडरच्या पाठीवर एक गडी काढला. छातीत दिवा, पाठीवर माझी सोलापुरी चादर! "ह्यो वीजराव," म्हणले. "ह्यानं धरणातली तार धरली, आणि वीज अंगात शिरली." मी म्हणलं, चादर तेवढी परत द्या म्हणावं.

मग तुमी चित्रं काढायची आणि मी ती पुठ्ठ्यावर चिकटवून कापायची. खांद्याला, ढोपराला दोरा ओवायचा, मागून तार लावायची. पडद्यापुढं वीजराव पळायचा, उडायचा, हात उगारायचा. लोक त्याला हलत्या चित्राचा शिणेमा म्हणायचे. पयल्या भागात त्यानं गोदावरीच्या गाळात रुतलेली एसटी एका हातानं उचलली, तव्हा काय शिट्ट्या पडल्या! पोरं गळ्याला टॉवेल बांधून कडब्याच्या गंजीवरून उड्या मारायला लागली. एकाचा हात मोडला, त्याची आई मलाच बोलून गेली.

आणि मग विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला.

आपल्या गावच्या दलित वस्तीतली घरं जाळली. जाळणारे काय दुसऱ्या मुलखातून आले न्हवते, यात्रेत शिट्ट्या मारणारेच होते की! तुमी दोन दिवस जेवले न्हाई. तिसऱ्या दिवशी ब्रश घेतला आणि म्हणले, "सरू, पुठ्ठा आण. वीजरावचा दुसरा भाग करायचाय."

त्यो भाग मला अजून तोंडपाठ हाय. गलका ऐकून वीजराव वस्तीकडं उडतो. मशाली घेतलेला जमाव येतो आणि त्याला दिसतं की ही तर आपल्याच गावची माणसं. त्यांना मारवत न्हाई त्याच्यानं. हात पसरून आडवा होतो, आग सगळी अंगावर घेतो, आणि छातीतला दिवा विझतो. मग वस्तीतली म्हातारी गयाबाई त्याला आपल्या मडक्यातलं पाणी पाजती. शेवटी फाटकी चादर घेऊन तो रस्त्याच्या कडंला बसलेला दिसतो, तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस.

गयाबाईला तुमी विचारायला गेला होता, "तुला चित्रात घेऊ का?" ती लाजली आणि म्हणली, "घे की, पर नथ काढ नाकात. खरी तर जळाली." तुमी नथ काढली. मी ती बारक्या कात्रीनं कापली, किती जपून!

यात्रेच्या आदल्या दिवशी पाटील घरी आले. "भाऊ, यात्रेत गावाची इज्जत काढायची का? जमाव, आग आणि म्हातारीचं पाणी, हे तीन प्रसंग काढा. मागचं-पुढचं जुळतंय की आपोआप!" तिन्ही प्रसंगांचे पुठ्ठे पोत्यात भरून घेऊन गेले. ते पुठ्ठे मला पुन्हा कव्हा दिसले न्हाईत, कुणाच्या तरी चुलीत गेले असतील.

काय जुळलं? वीजराव गलका ऐकून उडाला, आणि पडदा हलला की एकदम रस्त्याच्या कडंला फाटक्या चादरीत बसलेला! लोकांनी काय समजावं? पोरं वरडली, "वीजराव भ्याला!" भुईमुगाची टरफलं पडद्यावर यायला लागली. आणि तिकडं गर्दीच्या मागं गयाबाई उभी होती. खेळ संपला तरी हलंना. मी जवळ गेले तर म्हणली, "मी कुठंय गं?" आणि तशीच गेली.

तव्हापासून कुणी कशातून माघार घेतली की बाजारात म्हणायचे, "वीजराव झाला का रं?" तुमच्या तोंडावर म्हणायचे! कुस्ती सोडणारा वीजराव, उमेदवारी मागं घेणारा वीजराव. दुसरा भाग फसला, भाऊंचा हात गेला, असं ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. काय काढून टाकलंय हे एकानं तरी विचारलं का?

पर माझा राग तुमच्यावरबी हाय. एकदा तरी तोंड उघडायचं होतं! मी म्हणलं, चौकात उभं राहून सांगा. तुमी म्हणले, "चित्र बोलंल." कोणतं चित्र बोलंल हो? पोत्यातलं? तुमाला लेकरांची काळजी होती, गावात राहायचं होतं, मला कळत होतं. तरी सांगते, तुमच्या गप्प बसण्याचा मला लय त्रास झाला. वीजराव भ्याला न्हवता, आणि तुमीबी भ्याले न्हवते, मग जगाला तसं का वाटू दिलं?

असो. पाटलांना मी काल काय म्हणलं ते ऐका. म्हणलं, "लावायचा तर दुसरा भाग लावा, तिन्ही प्रसंगांसकट. न्हाईतर पुठ्ठ्यांची पेटी माझ्या घरातून हलणार न्हाई." पाटील म्हणले, "आत्ता संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं, कुठं जरा निवळायलंय, कशाला उकरता?" मी म्हणलं, "निवळलंय तर मग भ्यायचं कशाला?" चप्पल घालून निघाले. बशीतलं बिस्कीट मात्र जाताना उचललं बरं का!

पोत्यातून गेले ते पुठ्ठे आता मी नव्यानं केलेत. जमाव जमला, आग जमली, गयाबाईबी जमली. तुमच्या हातचं नाक काही जमंना, वीजराव जरा वाकड्या नाकाचा झालाय. चालवून घ्या.

आज सकाळी गयाबाईकडं गेले. तिला आता दिसायचं लय कमी झालंय. गयाबाईचा पुठ्ठा हातात दिला, तिनं बोटानं चाचपला. नथ सापडली तव्हा हसली. मग म्हणली, "माझ्या तोंडाला बोलणं काय दिलंय?" मी म्हणलं, "बोलणं न्हाई गं, तू नुसतं पाणी पाजतीस."

"नुसतं पाणी?" ती म्हणली. "एवढी वर्षं गप्प बसले, आता चित्रातबी गप्प बसू? असं घाल. पाणी पी बाबा, आणि उद्या गावात जाऊन सांग, मशाली कुणाकुणाच्या हातात होत्या."

तुमी असता तर म्हणला असता, नको सरू, राहू दे. म्हणूनच तुमाला न विचारता ठरवलंय.

तर हे माझं वचन. यात्रा मिळो न मिळो, दुसऱ्या भागाचा खेळ गयाबाईच्या दारात होणार. ज्याला यायचं त्यानं यावं, पाटलांनीसुद्धा. तारा मी हलवणार आणि वीजराव माझ्या आवाजात बोलणार. बाईच्या आवाजातला गडी पटला न्हाई तर उठून जावं. गयाबाईचं पाणी पिऊन तुमचा वीजराव रस्त्याच्या कडंला बसला होता, तिथून मी त्याला उठवणार, गावात नेणार, आणि एकेकाचं नाव घ्यायला लावणार.

तुमची, पर तुमचं न ऐकणारी,
सरू