वजनाची चौकट

१५ नोव्हेंबर १९९९, वडसा

आले बाई एकदाची! नागपूरहून थेट वडशाच्या भातगिरणीत, आयुष्यातली पहिली नोकरी. स्टेशनापासून गिरणीपर्यंत भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं. एक तरी बघणारच. मॅनेजर धनराजभाऊंनी हवेशीर खोली दिली, त्यात कोरा करकरीत कॉम्प्युटर. काम सोपं: आलेल्या धानाचं वजन नोंदवायचा प्रोग्राम. धान वाफवायच्या टाक्यांवर काम करणाऱ्या अंजनाबाई चहा घेऊन आल्या. एकटी काऊन आली, भेव नाई वाटत, असं विचारत होत्या. मी हसले.

१७ नोव्हेंबर

पडद्यावरच्या वजनाच्या चौकटीत फक्त आकडे जायला हवेत. म्हणून की दाबल्याबरोबर माझा कोड तपासतो: अंक असेल तर आत, अक्षर असेल तर तिथंच रद्द. जेवून आले तर चौकटीत एक शब्द. लिपी इंग्रजी, पण शब्द इथलाच: ‘मले’. कुणीतरी कॉपी करून चिकटवला असणार. तसं केलं तर की दाबतानाची तपासणी चुकवता येते. चूक माझीच. आता मजकूर बदलला रे बदलला की पुन्हा तपासणी होते. मी हरतऱ्हेनं करून पाहिलं, एक अक्षर आत गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

‘मले काढ.’

पुसलं. परत आलं, एकेक अक्षर, कुणी चाचपडत टाइप करावं तसं. कीबोर्डची वायर उपटली. तरी येतच राहिलं.

धनराजभाऊंना दाखवलं. वाचून पांढरे पडले. मग ओरडले, सोमवारपर्यंत चौकट बंद कर, आकड्याशिवाय काही दिसलं तर नागपूरची गाडी धर. घाबरायला हवं होतं मी. उलट डोकंच फिरलं. एवढं ओरडण्यासारखं काय होतं त्यात?

२० नोव्हेंबर

अंजनाबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी पडद्यावर हात ठेवला, “सुकरी!” म्हणाल्या. सुकरी, त्यांची धाकटी बहीण, गेल्या हंगामात याच टाक्यांवर होती. एका दुपारी दिसेनाशी झाली. कुणाबरोबर तरी सिरोंच्याकडे पळाली, असं धनराजनंच गावभर सांगितलं.

“पळाली नाई माही बहीण,” बाई म्हणाल्या. “इचार तिले, कुठी हाय.”

२२ नोव्हेंबर

आज चौकट बंद करायची होती. मी तपासणीच्या सगळ्या ओळी उडवल्या. सताड उघडी केली. टाइप केलं: सुकरी, कुठी?

‘तुसात.’

गिरणीमागे तुसाचा, धानाच्या टरफलांचा डोंगर आहे. बाई फावडं घेऊन निघाल्या, थांबा म्हटलं तरी थांबेनात. पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले —

२२, दुपार

लिहून ठेवते, मला काही झालं तर —

धनराजनं मेन स्विच पाडला. गिरणी गप्प. पंखा बंद. पडदा मात्र उजळलेला — तो दारात आला. पुस म्हणाला. नाही पुसत, म्हटलं, तोंडावर. त्याला गिरणीमागून फावड्याचा आवाज ऐकू आला —

लोखंडी सब्बल घेऊन तिकडेच गेलाय. जाताना बाहेरून कडी —

चौकट भरत चाललीय. बाईले वाचव. बाईले वाचव. बाईले —

वाचवते, सुकरी. एक तू पुरे झालीस त्याला. खुर्ची घातली खिडकीवर, काच गेली. धनराज, बाईंना हात लाव तर खरा, मी ये