दोन्ही बाह्या उजव्या

१३ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय लंबू,

नमस्कार तुझ्या नवऱ्याला, मुलांना पापे आणि तुला नेहमीचा एक गुद्दा.

आम्ही इकडे बरे आहोत. आईची उजवी बाजू हलत नाही, पण तोंड दोन्ही बाजूंनी चालतं. काल विचारत होती, "तुझी ती ताडमाड मैत्रीण अजून लोकांचे दातच करते का?" मी म्हटलं, हो, कवळ्या बनवते, चांगलं चाललंय तिचं. "मग माझी ढिली झालीय म्हणून सांग तिला. घास डावीकडे घेतला की ती उजवीकडे निघते." सांगितलं बघ. धाकटा भाऊही बरा आहे. कारखान्यात काम फार असतं, त्यामुळे त्याचं येणं होत नाही.

माझ्याकडे सध्या शाळेच्या गणवेशांची कामं आहेत. पँटी लांब करा, सदरे सैल करा. मुलं वाढतात म्हणून माझी चूल पेटते.

आता आजची फेरी. डेपोच्या फाटकाला पाठ करून उभी राहिले आणि उजवीकडे वळले. त्याच वेळी तू तिकडे तुझ्या डेपोपाशी डावीकडे वळली असशील, असं मनात म्हटलं आणि निघाले. लंबू, अजूनही पहिल्या वळणावर मला ती बस दिसते. तू लग्न होऊन निघालीस, तू खिडकीत, मी खाली. तू जो हात काचेला लावलास त्याच्यासमोर माझा उलटा हात आला. तेव्हाच तू ओरडून सांगितलंस ना, "तू डावीकडे गेलीस की मी उजवीकडे जाईन, म्हणजे आपली तोंडं कायम समोरासमोर!" बसमधले लोक हसले होते. वेडपट कुठली. पण बघ, इतकी वर्षं आपण तेच करतोय. एकीने आपली वाट लिहायची, दुसरीने डाव्याचं उजवं करून ती चालायची आणि काय दिसलं ते पत्रातच सांगायचं.

मला आज किल्ल्यांचं एक दुकान लागलं. दुकानदार कानस घासता घासता शेजारच्या पानवाल्याशी भांडत होता, पण आवाज इतका हळू की दोघं एकमेकांना गुपित सांगतायत असं वाटावं. पुढे एका बंद दुकानाच्या काचेत मी मलाच दिसले. क्षणभर वाटलं, कोण ही बाई, काही हरवलंय का हिचं.

तुझं मागचं पत्र छान होतं, पण त्यात नुसते बंगले. बोगनवेल, पितळी पाट्या, कुत्री. मला बंगले नकोत गं. माणसं लिही. रस्त्यावर कोण उभं होतं, कोण बसलं होतं, अंगात काय होतं, दाढी वाढलेली होती का. तुझी नजर आधी दातांवर जाते ना, मग दात लिही.

पुढच्या रविवारची वाट: फाटकाला पाठ, डावीकडे. दुसऱ्या गल्लीत पुन्हा डावीकडे. मग सरळ, गल्ली संपेपर्यंत. घाई करू नकोस.

तिकडे थंडी पडायला लागली का? रात्री किती पडते?

तुझी,
बुटकी


२० नोव्हेंबर, रविवार

बुटके,

गुद्दा पोचला. दंडावर वळ आहे.

आईंना सांग, कवळी ढिली झाली की हिरड्या झिजल्या असं समजायचं. मी येईन तेव्हा माप घेईन. तोवर त्यांनी घास मधोमध घ्यावा आणि तुला कमी बोलावं.

फेरी करून आत्ताच आले, पाय पाण्यात टाकून लिहितेय. तू डावीकडे लिहिलंस म्हणून मी नेहमीप्रमाणे उजवीकडे वळले. दुसऱ्या गल्लीत पुन्हा उजवीकडे. मग सरळ. आणि काय सांगू, पुन्हा बंगलेच. मी काय करू बाई, तुझी वळणंच मला तिकडे नेतात. माणसं म्हणशील तर एक राखणदार होता, त्याला मी दोनदा निरखून बघितलं तर तो म्हणाला, "काय पाहिजे बाई?" मी म्हटलं, "काही नाही, मैत्रिणीला सांगायचंय." त्याने फाटक लावून घेतलं. दात सगळे शाबूत. वरचे दोन किंचित पुढे.

खरी माणसं हवी असतील तर डेपोच्या डाव्या अंगाला आहेत. तिकडे बेकऱ्यांची गल्ली आहे. सकाळी फाटकापाशी उभी राहते तेव्हा भाजलेल्या पावाचा वास येतो. गल्लीच्या तोंडाशीच भट्टीची एक लांब भिंत आहे, आतून तापलेली. थंडी सुरू झाल्यापासून तिला पाठी टेकून माणसं उभी असतात. बेघर असतील, हमाल असतील. मला दरवेळी वाटतं तिकडे जावं, पण तुझ्या वाटेने मला तिकडे कधी वळवलंच नाही. गेले कित्येक महिने वाट तूच ठरवतेस आणि प्रत्येक पत्रात डावी म्हणजे डावीच. डाव्या हाताशी लग्न लावलंयस का?

बरं, धाकट्याचा पत्ता धाड. तिसऱ्यांदा मागतेय. माझे दीर त्या बाजूला कामानिमित्त जातात, त्याला भेटून येतील. माझ्या सायकलवरून पडून त्याचा पुढचा दात तुटला होता, तो अजून तसाच असेल तर मी फुकट बसवून देईन. बिचारा, किती रडला होता. दातासाठी नाही, सायकलची चेन निघाली म्हणून.

थंडी पडलीय. रात्री चांगलीच पडते. का विचारतेस?

लंबू


२६ नोव्हेंबर, शनिवार सकाळ

लंबू,

तुझं पत्र काल आलं. उभ्यानेच वाचलं. आईने आतून विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही.

हे पत्र शेजारचे ट्रकवाले भाऊजी तुझ्या हातात देतील. ते उद्या पहाटे निघतील आणि सोमवारी तिकडे पोचतील. बुधवारी सकाळी माल भरून परत निघणार आहेत. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना मी कुठे भरकटेन ते मला सांगता येत नाही.

काल तुला फोन लावला होता तो यासाठीच. तू "बोल बुटके" म्हणालीस आणि मी विचारलं की तिकडे कांदे कसे आहेत. तूही सांगितलंस कसे आहेत ते. फोन ठेवल्यावर मी शिवणाच्या यंत्रावर डोकं टेकून बसले. तोंडाने होत नाही म्हणून लिहितेय.

धाकटा कुठल्याही कारखान्यात नाही. तो गेल्या वर्षी घरातून गेला.

त्याला बरं नव्हतं, हे तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. गोळ्यांनी तो ठीक असायचा. माझी बटणं लावून द्यायचा, आईला उचलून बसवायचा. मग त्याला वाटायला लागलं की गोळ्यांमुळे त्याचे विचार कोणीतरी शिवून टाकतंय. मला म्हणाला, "ताई, तू शिवतेस म्हणून तुला कळत नाही. जे शिवलं जातं त्याला कळतं." एका दुपारी मी त्याला काळा दोरा आणायला पाठवलं. पैसे मोजून घेऊन गेला, चपला घालून, नीट दार ओढून. तो परत आला नाही.

चौकीत फोटो दिला. त्यांनी ठेवून घेतला. आईला सांगितलं, नोकरी लागली. ती रोज संध्याकाळी विचारते, "जेवला असेल का गं?" आणि मी सांगते, जेवला. तुलाही तेच सांगितलं. तुला खोटं सांगताना मला वाटायचं, निदान लंबूच्या घरात तरी तो कामाला लागलेला आहे, पगार घेतोय, दमून झोपतोय. जगात एक तरी घर असावं जिथे तो ठीक आहे. म्हणून नाही बोलले.

उन्हाळ्याच्या शेवटी भाऊजी तुमच्याकडे माल टाकून आले आणि जेवता जेवता उठून माझ्याकडे आले. त्यांना तो दिसला होता. दाढी वाढलेली, पण अंगात मी विणलेला राखाडी स्वेटर, कोपराला तांबडं ठिगळ. डेपोतून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला, एका भिंतीला पाठ लावून उभा होता. भाऊजींनी हाक मारली तसा तो गल्लीत शिरला.

तुझ्या गावात, लंबू. इतक्या गावांतून तुझ्या गावात. तुला शोधत आला असेल का, हेही मनात येतं.

मी निघाले असते. पण आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायला दिवसभर माणूस लागतं, आणि माझ्याशिवाय तिचं कोणी नाही. शिवाय मला बघून तो आणखी लांब पळेल. म्हणून मी तुमच्या शहराचा नकाशा मागवला आणि कापडं बेतायच्या टेबलावर पसरला. मग वाटा मी ठरवायला लागले. तुला फेरी वाटायची, मी तुला गल्ली गल्ली हिंडवत होते. तू सहज बघावंस, शोधक नजरेने नाही, असं मला वाटत होतं. शोधणारी नजर तो लांबून ओळखतो.

आणि मी काय केलं बघ. नकाशा तुझ्या गावाचा, म्हणून मी तुझी वळणं लिहिली. डावीकडे. इकडे मी स्वतः उलटी, उजवीकडे चालले. तुला मात्र ती माझी वळणं वाटली. तू नियमाने ती उलटवलीस. तूही उजवीकडे. इतके महिने आपण दोघी एकाच बाजूला चालत होतो गं. समोरासमोर नव्हतोच.

शिकाऊ शिंपिणीची ही पहिली चूक असते. कापड समोरासमोर घडी न घालता कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मी मुलींना यावरून किती बोलले आहे. दोन उजव्या बाह्या घेऊन बसते पोरगी, आणि डाव्या हाताला काही नाही.

तुझ्या पत्रांतले बंगले वाचून मला वाटायचं, नकाशा जुना असेल, वस्ती बदलली असेल. काय काय वाटून घेतलं मी. आणि ती भिंत तिथेच होती, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येक रविवारी तू तिच्याकडे पाठ करून निघालीस, कारण मी तुला तसं लिहून पाठवलं.

आता ऐक. रविवारची वाट बघू नकोस. मंगळवारी सकाळी लवकर जा, भट्टी तापलेली असते तेव्हा. नवऱ्याला नेऊ नकोस, तो चांगला आहे पण त्याचा आवाज मोठा आहे. हाक मारू नकोस. माझं नाव काढू नकोस. आधी दात बघ, तो तुटलेला असेलच. मग त्याच्या शेजारी जाऊन तूही भिंतीला पाठ लाव आणि समोर बघत राहा. बराच वेळ. तो विचारेल, इतकी उंच बाई कोण म्हणून. तेव्हा एवढंच म्हण, सायकलची चेन पडलीय, बसवून देशील का. तुझी सायकल घेऊन जा आणि चेन खरंच काढून ठेव. त्याला खोटं कळतं. मी चहात गोळ्या विरघळवून देत होते ते कळलं असेल, म्हणूनच दोरा आणायला गेला तो गेला.

त्याने बसवून दिली, तर बुधवारी ट्रकमध्ये जागा आहे. नाही आला तर त्याला खायला घाल. काही खात नसेल तर स्वेटरचं ठिगळ उसवलंय का तेवढं बघ. आणि तो तिथे नसेलच, तर मला फोन करून कांद्याबद्दल काहीतरी बोल. मला समजेल.

आई हाका मारतेय. तिला वळवायची वेळ झाली.

एक गोष्ट राहिली. तुझ्या हाडात तो नियम मुरलाय, म्हणून पुन्हा लिहिते. फाटकाला पाठ करून उभी राहा. डावीकडे म्हणजे तुझी डावी. ज्या हातात घड्याळ बांधतेस तो हात. या एका वेळी उलटं करू नकोस.

मंगळवारी सकाळी आईजवळ घटकाभर शेजारीण बसेल. मी इकडे डेपोपाशी जाईन आणि उजवीकडे वळेन, म्हणजे या खेपेला तरी तुझ्यासमोर असेन.

तुझ्याकडे तोंड करून उभी,
बुटकी