भूखंड उत्तरेला सरकतोय

११ जुलै १९९३, नेरूळ

गोजराचं पत्र. धाकटी जाऊ माझी. ती, नामाभावजी, दोन पोरं लातूर जिल्ह्यात औशाकडच्या आमच्या गावातल्या घरात राहतात. "आक्का, जमीन पुन्हा गुरगुरली. उतरंडीची मडकी वाजली." वर्षभर हेच! हे म्हणाले, "तिकडे कसला भूकंप? तो हिमालयात."

१४ जुलै

समोरच्या बिऱ्हाडातली प्राची कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिला विचारलं. काय पोरगी आहे!

नारळाच्या वड्या नुकत्याच थापून कापल्या होत्या. तिनं एका कडेनं हळूच रेटा दिला. पलीकडची कड उचलली — "काकू, हा हिमालय." पण मधलीही एक वडी टुणकन वर आली, बरोबर सुरीच्या रेषेवर! "आपला अख्खा भूखंड दर वर्षी दोनेक इंच उत्तरेला सरकतोय. समोर आशिया अडवतो. रेटा आतपर्यंत येतो. आत जमीन ठोकळ्याठोकळ्यांची, फार जुन्या भेगांची. वर काळा दगड पसरलाय म्हणून दिसत नाहीत. एखादी कधीतरी सुटते."

म्हटलं, आम्ही शेषाच्या फण्यावर पृथ्वी ऐकत आलो. हसली नाही! "जुन्या लोकांनाही कळलं होतं ना काकू, की खालचं हलतं."

मग तिनं विचारलं, गावचं घर कसलं? सांगितलं, दगडमातीच्या भिंती, वर माळवद. गळू नये म्हणून दर वर्षी नवी माती चढवतात. ती म्हणाली, "एवढं वजन डोक्यावर घेऊन झोपतात?"

एवढ्याशा पोरीला केवढी पृथ्वी दिसते! वड्या चार जास्त दिल्या.

१५ जुलै

गोजराला लिहिलं. आंतरदेशीय पत्राची जागा फुकट का घालवा — भूखंड सरकतोय इथपासून सगळं. बाहेर निजा, हे शेवटी कडेला बारीक अक्षरात मावलं.

३ ऑगस्ट

गोजरा लिहिते, "पावसात बाहेर कुठं निजायचं, आक्का?" खरंच की.

१२ सप्टेंबर

भावजींचं पत्र. आग नुसती! "वैनी, तुमचं पत्र आता हाती लागलं. आपला भूखंड उत्तरेला सरकतोय म्हणे! उत्तरेला मानसिंगचं वावर. म्हणजे मी चुलतभावाचं रान कोरतो? कागाळी त्यानंच केली ना? त्याला बांधावरच विचारलं. बांधाचे दगड तोच हलवत असंल. आता बायकापोरांसकट वावरातल्या खोपीत निजतो. धरतोच त्याला!"

हे पोट धरून हसले. "अगं, भूखंड म्हणजे प्लॉट! सिडकोच्या गावात राहून एवढं कळेना?"

मला नाही हसू आलं. माझ्या एका शब्दानं भावाभावांत वैर!

१४ सप्टेंबर

खुलासा लिहिला — जमीन आतून सरकते, बांध नाही. तुमच्यावर कुणाचा आळ नाही. पाकिटाला तिकीट लावलं. पण चतुर्दशीला अनंताचा दोरा पूजेतून निघेल, तोही त्यातच घालीन. एका तिकिटात दोन्ही.

२९ सप्टेंबर

पूजा झाली. दोरा पाकिटात घातला. उद्या टाकते.

३० सप्टेंबर

रेडिओवर लातूर, उस्मानाबाद. पहाटे भूकंप झाला म्हणे. गावंच्या गावं.

हे मिळेल त्या गाडीनं निघाले. प्राची आली, माझा हात धरून बसली.  

५ ऑक्टोबर

ह्यांचं कार्ड. "घर बसलं. गल्लीत कुणी उरलं नाही. आपली चौघं खोपीत होती, सुखरूप. बांधापलीकडे मानसिंगही पोराबाळांसकट राखणीला होता. आता दोघांची एकच चूल आहे."

खुलाशाचं पाकीट देव्हाऱ्याशीच होतं. दोरा काढून घेतला. पाकीट तिकिटासकट फाडलं.